मग नकोशी कामं कोण करणार? : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

कामाचं स्वरूप ठरवताना ते करणाऱ्या माणसाला विचारलंच पाहिजे, या माझ्या लेखावर तुम्ही दोन आक्षेप घेतलेत. ज्याने त्याने आपलं काम ठरवलं तर सोपी कामं सगळे उचलतील आणि नकोशी कामं कुणाच्या तरी गळ्यात पडतील, हा पहिला. ‘तुम्हीच लिहून दिलंय ना, मग करा’ असं म्हणायची मॅनेजमेंटला आयती सोय होईल, हा दुसरा. प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून भाग बनवणाऱ्या विभागात, उभं आयुष्य काढलेला माणूस असं म्हणतो, तेव्हा दोन ओळींत उत्तर देणं मला बरं वाटलं नाही.

पहिल्या आक्षेपासाठी कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटचा मोटारींचा कारखाना बघा. जनरल मोटर्सने तो १९८२ मध्ये बंद केला. गैरहजेरी २० टक्क्यांच्या घरात होती आणि कामांचे ८० हून जास्त वर्ग होते. एका वर्गातला माणूस दुसऱ्या वर्गाच्या कामाला हात लावत नसे. १९८४ मध्ये टोयोटा आणि जनरल मोटर्सने मिळून तोच कारखाना ‘नुमी’ या नावाने सुरू केला. युनियन तीच, कामगारही बहुतेक तेच. पूर्वी इंजिनीअर स्टॉपवॉच घेऊन मागे उभा राहायचा आणि कामगार मुद्दाम हात संथ करायचा. आता स्टॉपवॉच कामगारांकडे आलं. पाच-सात जणांची टीम एकमेकांचं काम मोजायची, कुठला बोल्ट आधी, कुठला नंतर, पाठ कुठे वाकते हे बघायची, दुसऱ्या शिफ्टशी ताडायची आणि मग ठरलेली पद्धत लिहून काढायची. ती सगळ्यांनी पाळायची. कामं टीममध्ये आळीपाळीने फिरत, म्हणून अवघड स्टेशन एकाच्याच नशिबी येत नसे. गैरहजेरी दोन-तीन टक्क्यांवर आली. कुठली गाडी बनवायची, किती बनवायच्या, हे कामगार ठरवत नव्हते, आणि तसं मी म्हणतही नाही.

आपल्याकडे काय असतं ते तुम्ही रोज पाहिलंय. मशीनवर लॅमिनेट करून लटकवलेला एसओपीचा, म्हणजे काम कसं करायचं ते सांगणारा कागद, इंग्रजीत, खाली अशा माणसाची सही ज्याने ते मशीन कधी चालवलेलं नाही. नवा पोरगा तो कागद वाचत नाही. तो शेजारच्या जुन्या ऑपरेटरकडे बघून शिकतो, कारण खरं काम तिथे असतं: कुठल्या डायला (साच्याला) पत्र्याची कॉइल कशी धरायची, कुठल्या आवाजावर थांबायचं. हे त्या कागदावर यावं आणि खाली त्या ऑपरेटरचीही सही असावी, एवढंच माझं मागणं आहे.

दुसरा आक्षेप मात्र मला जास्त वजनदार वाटतो. नुमीमधल्या पद्धतीवरही युनियनमधल्याच काही लोकांनी टीका केली होती की, यात कामगाराचा उरलासुरला दमही काढून घेतला जातो. १९९३ चं नवं मॉडेल आलं, तेव्हा कामाची आखणी करताना कामगारांना पुरेसं विचारलं गेलं नाही. हातापाठीची दुखणी वाढली आणि कॅलिफोर्नियाच्या कामगार सुरक्षा खात्याने कंपनीवर ठपका ठेवला. नंतरच्या मॉडेलच्या वेळी कामगारांना आखणीत आधीपासून घेतलं गेलं. हे उदाहरण मी तुमच्या विरोधात देत नाही. विचारलं नाही तर काय होतं, ते त्यातून दिसतं.

तरीही नुसतं विचारणं पुरत नाही. नुमीच्या करारातच लिहिलं होतं की, कामगारांना काढण्याआधी कंपनी अधिकाऱ्यांचे पगार कमी करील आणि बाहेर दिलेली कामं परत आत आणील. १९८८ च्या सुमारास विक्री कोसळली, कारखान्याची बरीचशी क्षमता पडून राहिली, पण कुणाला घरी पाठवलं नाही. लोकांना प्रशिक्षणाला बसवलं. म्हणून तिथला माणूस ‘हे काम चारऐवजी तिघांत होतं’ हे बिनधास्त सांगू शकला. आपल्याकडे चौथ्याची नोकरी जाणार हे ठाऊक असताना कोण तोंड उघडेल? औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम ९-क मध्ये सेवाशर्ती बदलण्याआधी २१ दिवसांची नोटीस होती, पण नोटीस म्हणजे कळवणं, विचारणं नव्हे.

म्हणून माझा क्रम असा आहे: आधी नोकरीची हमी करारात लिहा, मग स्टॉपवॉच हातात द्या. आणि ज्याच्या कागदावर ‘हेल्पर’ लिहिलंय पण जो प्रत्यक्षात प्रेस चालवतो, त्या कंत्राटी मुलाकडून तर मी आज कसलीच अपेक्षा करणार नाही. त्याचं कंत्राट पुढच्या महिन्यात संपतंय.