गाडीतला पेट्रोल पंप

गाडीत पेट्रोल पंप बसवूनही गाडीतलं पेट्रोल संपू शकतं, ही बातमी परवा संध्याकाळपासून आमच्या बिल्डिंगमधल्या शेंबड्या पोरांनाही पाठ झाली आहे. ती कोणी पसरवली हे मला पक्कं माहीत आहे. खरं तर त्याच माणसाबद्दल लिहायला बसलोय, पंप निमित्ताला.

तर आधी ते निमित्त उरकतो. माझी गाडी जुनी, पण तिच्या अंगावर इंजिनात जादा हवा कोंबणारा मोठा टर्बो, पेट्रोल फवारणारे मोठे इंजेक्टर, नवं ट्यूनिंग असे सगळे दागिने मी एकेक करून चढवलेत. ते चढवून झाल्यावर कळलं, की वरच्या आरपीएमला, म्हणजे इंजिन जोरात फिरताना, बाईंना पेट्रोलच पुरत नाही. पेट्रोल पुरतं जळायला वजनी हिशोबाने 14.7 भाग हवेला एक भाग पेट्रोल लागतं. टर्बो जोरात असताना मुद्दाम जास्त पेट्रोल सोडून हा आकडा 11.5 ते 12 च्या आसपास ठेवतात, म्हणजे आतली आग आवाक्यात राहते. हे प्रमाण दाखवणारा माझा मीटर पाच हजार आरपीएमच्या पुढे साडेतेराकडे सरकायचा. तसंच दामटत राहिलं तर इंजिन नॉक करायला लागतं, म्हणजे आत पेट्रोल अवेळी भडकून ठोके बसतात, आणि एक दिवस पिस्टनला भोक पडतं. ट्यूनरने मीटरकडे बघून फक्त एवढंच म्हटलं, "पंपाचा दम संपतोय."

म्हणून रविवारी सकाळी मागचं सीट काढून, त्याखालचं झाकण उघडून, मी टाकीच्या तोंडावर ओणवा झालो. आधी पंपाचा फ्यूज उपटून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवलं होतं, लाइनमधलं प्रेशर उतरावं म्हणून. मग बॅटरीची निगेटिव्ह काढली. सगळं अगदी शहाण्या माणसासारखं. आणि तेवढ्यात शेजारचे काका आले.

"काय चाललंय?"

"पंप बदलतोय काका. पेट्रोलचा."

काकांनी आधी गाडीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "पेट्रोल पंप? गाडीत?"

"हो."

"म्हणजे आता बाहेर पंपावर जायला नको."

मला वाटलं, विनोद केला. मी हसलो. काका हसले नाहीत. तशी त्यांची एकट्याची चूक नाही. आपल्या भाषेने छप्पर, रांग, हवेचा पाइप आणि मापाचा काटा या सगळ्या जागेचंच नाव पंप ठेवून टाकलंय. मग टाकीत आयुष्यभर बुडून राहणाऱ्या त्या मनगटाएवढ्या यंत्राला काय म्हणायचं? फ्यूएल पंप म्हटलं तर काका म्हणतात, "तेच ते."

काका घरी गेले. सुटलो म्हणेपर्यंत खुर्ची घेऊन परत आले. त्यांची सगळी नोकरी पाणीपुरवठ्यात गेलेली, त्यामुळे पंप हा शब्द त्यांच्या कानावर पडणं म्हणजे निवृत्त पैलवानाला हलगी ऐकू येणं.

"किती एचपीचा?"

"एचपीत नाही मोजत हो. तासाला 340 लिटर."

"हेड? म्हणजे चढवतो किती उंच?"

"तीन बार प्रेशरला."

"म्हणजे तीस मीटर." काका पुढे सरकले. "अरे, दहाव्या मजल्यावर पाणी चढेल! तुझं इंजिन कितव्या मजल्यावर आहे?"

मी समजावलं, की पेट्रोल नुसतं पोहोचून भागत नाही, इंजेक्टरमधून त्याचा बारीक फवारा उडावा लागतो. शिवाय टर्बो समोरून जेवढी हवा दाबतो, तेवढंच प्रेशर रेग्युलेटर पेट्रोललाही वाढवून देतो. प्रेशर वाढलं की पंपाचं लिटरेज घटतं, म्हणून मुळातच मोठा घ्यायचा. काकांनी मान डोलावली. ऐकत असल्यासारखं वाटलं, पण त्यांचं गणित वेगळंच चाललं होतं.

"टाकी केवढी तुझी?"

"45 लिटर."

ओठ हलले. बोटं हलली. "आठ मिनिटं."

"कसली?"

"आठ मिनिटांत टाकी खडखडीत."

"नाही हो काका. इंजिन लागेल तेवढंच घेतं. बाकीचं रिटर्न लाइनने परत टाकीत येतं."

"परत येतं?"

"परत येतं."

"म्हणजे इथून निघतं, इंजिनपर्यंत फिरायला जातं आणि परत येतं." काका खुर्चीत मागे रेलले. "आमच्याकडे असं करणाऱ्याची चौकशी लागायची."

हसायला ठीक आहे, पण मी त्या वेळी लॉक रिंगशी झटत होतो. पंपाची सगळी जोडणी टाकीत धरून ठेवणारी ही मोठी कडी. ती पितळी छिन्नीने हलक्या हाताने ठोकत फिरवायची, कारण लोखंडावर लोखंड मारलं की ठिणगी. वर्षानुवर्षांची धूळ आणि गंज खाऊन ती तिथेच संसाराला लागलेली असते. ज्या कुणी ती काढली असेल, म्हणजे कागदावर काढली असेल, त्याला एकदा सीटच्या सांगाड्यात बरगड्या घालून ती उघडायला लावावी. आणि पंपाच्या खोक्यावर काय छापलंय? 'सोपी जोडणी'. आतला माहितीचा कागद सगळ्या गाड्यांसाठी, म्हणजे कुठल्याच गाडीसाठी नाही. वायरचा कनेक्टर बसत नाही. टाकीत बुडून राहणारा पाइप वेगळा लागतो, 30आर10 नावाचा. साधा फ्यूएल पाइप आतून पेट्रोल झेलतो, बाहेरूनही त्यातच भिजत पडला की फुगून लिबलिबीत होतो. हे त्या कागदावर कुठेही नाही. खोक्यात आलेला पाइप दोन बोटं तोकडा, हेही नाही. पैसे मात्र पुरते मोजून घेतात.

रिंग सुटली, झाकण उघडलं आणि वास आला. काकांना माझी दया आली. ते मला न सांगता घरातून टेबलफॅन घेऊन आले, तो जमिनीवर ठेवला आणि प्लग लावला. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती बरोबर जमिनीलगत साचते. उणे 40 अंशांतसुद्धा पेट घेण्याइतकी वाफ पेट्रोल सोडतं. आणि काकांचं बोट फॅनच्या बटणावर, जिथे ठिणगी उडते. मी जो ओरडलो, त्याने तीन खिडक्या उघडल्या.

काका पाच मिनिटं काही बोलले नाहीत. फॅनची वायर हातावर गुंडाळत राहिले, परत परत, नीट. ओरडलो ते बरोबरच होतं, आजही म्हणेन. पण त्या वायर गुंडाळण्याने मला असं काही गुन्हेगार केलं, की मी जोडणी टाकीत परत सोडताना ते पुन्हा बोलले, तेव्हा माझं डोकं ठिकाणावर नव्हतं.

"हा बॉलकॉक ना?" पेट्रोलचा काटा चालवणाऱ्या फ्लोटकडे त्यांनी बोट दाखवलं. "त्याचा दांडा या पिशवीला अडतोय बघ."

पिशवी म्हणजे पंपाच्या तोंडाची गाळणी. नवी जुनीपेक्षा लांब होती.

"तो तसाच असतो काका," मी म्हणालो.

बरं म्हणून ते खुर्ची उचलून गेले. पुढचं काम सुतासारखं झालं. झाकणाची नवी रबरी ओ-रिंग घातली (जुनी पेट्रोल पिऊन इतकी फुगते, की खाचेत परत जातच नाही), पंपाला पूर्ण व्होल्टेज मिळावं म्हणून बॅटरीपासून जाड वायर आणि वेगळा रिले टाकला, आणि गाडी पहिल्या झटक्याला सुरू झाली. मीटर 11.8 वर खिळ्यासारखा. मागून बारीक गुणगुण, ती मला संगीत वाटली. एवढ्या खटाटोपानंतर गाडीत दिसण्यासारखं काहीच बदललेलं नव्हतं. दाखवायचं कुणाला आणि काय, या विचाराने मी दोन दिवस उगाचच गाडी फिरवली.

काटा पाव टाकीवर होता. दुसऱ्या दिवशीही पाव टाकीवर होता. पेट्रोल कमी जाळते, असं वाटून मी ट्यूनरला कौतुकाचा फोनसुद्धा केला.

परवा संध्याकाळी ती गुणगुण एकदम किंचाळायला लागली आणि गाडी आचके देऊन थांबली. पंपाला गार ठेवतं ते पेट्रोलच, म्हणजे माझा तीन दिवसांचा पंप कोरडा फिरला होता. किती सेकंद, याचा विचार मी अजून टाळतोय. समोर दोनशे पावलांवर पंप होता. खरा. छपराचा. आणि त्याच्या बाजूने काका फिरून परत येत होते.

काही विचारलं नाही त्यांनी. परत फिरले आणि कॅनमधून दोन लिटर घेऊन आले. मी ओतत होतो, ते नरसाळं धरून उभे होते. बॉलकॉकचा ब त्यांनी काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं.

"तासाला किती म्हणालास?"

"340."

ओठ हलले.

"एकवीस सेकंद," काका म्हणाले.

"परत येतं ते, काका."

"हो, सांगितलं होतंस," म्हणाले, आणि खुर्ची नव्हती म्हणून माझ्या बॉनेटवर टेकले.