दहा रुपयांचा अथर्व

परवा रविवारी दहा रुपये वाचवण्याच्या नादात मी दुसऱ्याच्या मुलाचा बाप झालो. जेमतेम दीड मिनिट झालो असेन. पण त्या दीड मिनिटाला निदान तीस साक्षीदार होते.

बागेत जाऊ या, हे माझंच म्हणणं. मॉलमध्ये पॉपकॉर्नच्या एका पुड्यात बागेच्या आठ फेऱ्या होतात, हा हिशोब मी बायकोला आदल्या रात्री मांडून दाखवला होता. बागेचं नाव सांगत नाही. मला तिथे परत जायचंय, आणि तोंड लपवून का होईना, आत शिरायचंय.

तिकीट खिडकीवर पाटी होती. प्रौढ ४०. मुले (३ ते १२ वर्षे) २०. ज्येष्ठ नागरिक आधार कार्ड दाखवल्यास मोफत. आणि खाली लाल अक्षरांत : कुटुंब (पती, पत्नी व दोन मुले) ९०.

आम्ही तिघं. मी, बायको आणि नऊ वर्षांची ओवी. चाळीस नि चाळीस ऐंशी, वर वीस, झाले शंभर. म्हणजे एक मूल असेल तर शंभर आणि दोन असतील तर नव्वद. मी रांगेत उभ्या उभ्या बोटांवर पुन्हा मोजलं. एक माणूस वाढला की दहा रुपये कमी. हा भाव ज्याने ठरवला तो नक्की एसटी स्टँडच्या भिंतीवरचा लाल त्रिकोण बघत वाढलेला असणार. 'हम दो, हमारे दो'. सरकारने दोनवर थांबा म्हटलं, आम्ही जरा जास्तच ऐकलं आणि एकावर थांबलो, तर आता दंड. आणि आजी? माझी आई आली असती तर तिला फुकट सोडलं असतं, पण कुटुंबात धरलं नसतं. चार भिंतींच्या आत ती कुटुंबप्रमुख, बागेच्या फाटकाशी नुसती ज्येष्ठ नागरिक.

हे काही आमच्याच गावाचं खूळ नाही. मुंबईला राणीच्या बागेत पेंग्विन आले आणि २०१७ साली पाच रुपयांचं तिकीट पन्नासांवर गेलं, तेव्हा तिथेही आईबाप आणि दोन मुलं अशा चौकडीला शंभर रुपये लावले. पेंग्विनांना काचेआड गार हवा, आणि आपण बाहेर उन्हात घामेजत ठरवायचं की आपण कुटुंब आहोत की सुटे.

तर मी असा पुटपुटत असताना कानाशी आवाज आला, "तुम्हाला दुसरं नाही का?"

मागे एक काका. पंचाहत्तरीचे असतील. अर्ध्या बाह्यांचा इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं, हातात प्लास्टिकचं फोल्डर. फोल्डरमध्ये आधार कार्ड, त्याची झेरॉक्स आणि त्या झेरॉक्सवर सही. शेजारी सात-आठ वर्षांचा नातू, नाक आणि चिप्स दोन्ही चालू.

"काय दुसरं?" मी विचारलं.

"मूल हो."

"नाही."

"का बरं?"

आता या प्रश्नाला माणूस रविवारी सकाळी, रांगेत, सासुरवाडीहून आलेली टोपी घालून काय उत्तर देणार? मी म्हटलं, "राहून गेलं."

काकांनी मान हलवली. "बघा. आज दहा रुपयांचा तोटा."

बायकोने माझ्याकडे असं पाहिलं, जणू दुसऱ्या मुलाचा प्रस्ताव तिनेच मांडला होता आणि मी फेटाळला होता. (वस्तुस्थिती उलट आहे, पण ते असो.)

काकांनी फोल्डरमधून लाइटचं जुनं बिल काढलं, पाठ कोरी होती. खिशातलं निळं पेन काढलं, झटकलं, परत ठेवलं आणि काळं काढलं. "मी फुकट. हा माझा नातू, याचे वीस. तुमचे शंभर. एकूण एकशेवीस. बरोबर? हा तुमच्यात आला की तुम्ही चौघं. नव्वद. बचत तीस." तीसखाली त्यांनी दोन रेघा ओढल्या. नोकरीत कुठे होते कोण जाणे, पण रेघा ऑडिटवाल्याच्या होत्या.

खरं सांगतो, मला तेव्हाच नाही म्हणायला हवं होतं. पण तीस या आकड्याने माझी मती फिरली. मी म्हटलं, "म्हणजे पंधरा-पंधरा. मी खिडकीत नव्वद भरतो, तुम्ही मला पाच द्या."

"मी? मी कशाला?"

"तुमचे वीस वाचले ना. माझे दहाच."

"कल्पना कोणाची?"

"तुमची."

"मूल कोणाचं?"

"तुमचं."

"मग तुमच्याकडून काय? नुसते आईबाप!" काका म्हणाले. "आईबाप काय, रांगेत ढिगाने आहेत."

हे पटण्यासारखं होतं, हाच संताप. माझ्यापुढे चार, मागे पंधरा जोडपी होती आणि निम्म्यांकडे एकेकच मूल होतं. बाजारात माझा भाव काही नव्हता. तरी मी पाच रुपयांसाठी आणखी दोन मिनिटं घातली. काका तीनपर्यंत आले. सुटे नव्हते म्हणून तेही राहिले. दरम्यान ओवी आणि तो मुलगा एकमेकांकडे, नव्याने लग्न ठरलेल्या घरांतल्या व्याह्यांसारखे बघत होते.

खिडकी आली. मी शक्य तितक्या सहजपणे म्हटलं, "एक फॅमिली."

आतल्या गृहस्थांनी चष्म्यावरून पाहिलं. ओवी बायकोचा हात धरून. तो मुलगा माझ्यापासून दोन फूट लांब, चिप्सचा पुडा छातीशी. "दोन्ही तुमचीच?"

"हो."

"मुलाचं नाव काय?"

तीस रुपयांची वाटणी आम्ही पैपर्यंत केली होती. नाव विचारायचं राहिलं होतं. मी मुलाकडे बघून हसलो. बाप मुलाकडे असं हसत नाही, उमेदवार मतदाराकडे बघून हसतो. "सांग बाळा, काकांना नाव सांग."

"अथर्व," तो खणखणीत म्हणाला. "आणि हे माझे बाबा नाहीयेत. माझे बाबा उंच आहेत. आणि त्यांना केस आहेत."

रांग हसली. मागून कोणीतरी ओळखीच्या आवाजात हसलं, पण मी वळलो नाही. मी टोपी घातली होती हो! टोपीखालचं त्या पोराला कसं कळलं, हे मला अजून उमगलेलं नाही.

मी आधारासाठी काकांकडे पाहिलं. काका रांगेतून एक पाऊल बाजूला झाले होते. फोल्डर बगलेत. त्यांनी नातवाला जवळ ओढलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "काय लोक असतात! दहा रुपयांसाठी लहान मुलांना खोटं बोलायला लावतात."

"शंभर," खिडकीतून आवाज आला. "सुटे द्या."

फाटकावर दुसरी परीक्षा. गार्डने आमच्या पिशवीतला डबा उघडून पाहिला, वास घेतला आणि म्हणाला, बाहेरचे खाद्यपदार्थ आत नाहीत. घरचे पोहे बाहेरचे कसे? आत कँटीनला वडापाव तीस रुपयांना, आणि तो मात्र आतला. पोहे आम्ही फाटकाबाहेर फुटपाथवर बसून संपवले. तिकीट हातात घेऊन. ओवीने खाता खाता विचारलं, "बाबा, तू खोटं बोललास ना?" शाळेत मूल्यशिक्षणाला गुण असतात. मी म्हटलं, नीट चाव.

आत काय होतं, ते थोडक्यात. कारंजं कोरडं, तळाशी पाण्याच्या बाटल्या. स्वच्छतागृहाला कुलूप. 'हिरवळीवर बसू नये' ही पाटी, हिरवळ मात्र गेली होती. झोपाळ्याला साखळ्या होत्या, फळी नव्हती. मला सांगा, हे शंभर रुपये गेले कुठे? बरं, मी काही पहिल्यांदा देत नाहीये. घरपट्टीच्या बिलात वृक्षकर नावाची एक ओळ असते, काढून बघा. झाडं जपण्याचा १९७५ सालचा कायदा आहे, त्याच्या आधाराने तो घेतात. म्हणजे झाडाचे पैसे वर्षाला आधीच दिलेले, आणि त्याच झाडाखाली उभं राहायचे पुन्हा चाळीस. दिल्लीला लोदी गार्डन फुकट आहे. सिंगापूरचं बोटॅनिक गार्डन पहाटे पाचपासून रात्री बारापर्यंत फुकट आहे, ऑर्किडचा एक भाग सोडला तर. तिथल्या माणसाला दुसऱ्याचं पोर उसनं घ्यावं लागत नाही.

सारसबागेत जायला हवं होतं, असं बायको तेव्हा म्हणाली. फाटकाशी म्हणाली असती तर? सारसबाग बरी, तिकीट नाही. तळ्यातल्या गणपतीला थंडीत स्वेटर-कानटोपी घालतात ती बघायची आणि परत यायचं. पण ते फुकटही फसवं. आत जायला काही पडत नाही, बाहेर पडायला भेळ, फुगा आणि साबणाचे बुडबुडे पडतात. मागच्या वेळी 'फुकट' सारसबागेला मला दोनशे सत्तर रुपये लागले होते. एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन सव्वीस जानेवारीच्या आसपास असतं, तेव्हा गेलो तर गर्दीत फुलं दिसेनात, मानाच दिसल्या. आणि रिक्षाचे तर मी कुठल्याच हिशोबात धरत नाही. परवाचे जाऊन-येऊन दोनशे साठ झाले. दहा वाचवायला.

आम्ही त्या मोडक्या झोपाळ्यापाशी उभे असताना समोरून काका आले. बरोबर अथर्व, आणि एक जोडपं आणि त्यांची छोटी मुलगी. अथर्वने त्या बाईंचं बोट धरलं होतं. छान धरलं होतं. काका थांबले, माझ्याकडे पाहून हसले, मघाचं काही झालंच नव्हतं अशा थाटात.

"पलीकडच्या खिडकीवर गेलो," ते हळू आवाजात म्हणाले. "तुम्ही घाई केलीत. मुलाला आधी पाठ करून घ्यायचं असतं. यांचं आडनाव कुलकर्णी, ते मी दोनदा म्हणून घेतलं."

"त्यांनी तुम्हाला पाच रुपये मागितले नाहीत?"

"नाही. सुशिक्षित आहेत."

एवढं बोलून ते पुढे गेले. अथर्वने वळून ओवीला एक चिप दिली. तिने घेतली. मला दिली नाही.

हे सगळं मी विसरलो असतो. पण काल संध्याकाळी लिफ्टमध्ये आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी भेटले. तोंडभर हसले. म्हणजे तो ओळखीचा आवाज त्यांचा होता तर.

"काय म्हणतोय धाकटा?" त्यांनी विचारलं.

मी सातव्या मजल्यावर राहतो. ते नवव्यावर. आमची लिफ्ट फार हळू चालते.