“हार्मोन जागेवर आणा, गोळ्या लागणार नाहीत”: यात खरं किती?

सध्या एक संदेश खूप फिरतो आहे. त्याचा सारांश असा: विशीच्या आसपास कानात आवाज येऊ लागले, कोणी मागावर आहे असं वाटू लागलं, तर हार्मोन बिघडलेले असतात. थायरॉइड, कॉर्टिसोल, प्रोलॅक्टिन तपासून ते जागेवर आणा; मनोविकाराच्या गोळ्या नकोत, हार्मोन त्याच बिघडवतात. यात सत्याचे तुकडे आहेत, म्हणून तो चटकन पटतो.

“मूळ कारण थायरॉइड.” क्वचित असतं. 1949 साली ब्रिटनमध्ये रिचर्ड ॲशर यांनी थायरॉइड फार मंदावल्यामुळे मानसिक विकार झालेल्या 14 रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. म्हणूनच सायकोसिसच्या (असे भास होणं, खोटा संशय पक्का बसणं) पहिल्या तपासणीत टीएसएच करतात; ही थायरॉइडची रक्तचाचणी, थायरॉइड मंदावला की तिचा आकडा वाढतो. पण टीएसएच 6 किंवा 7 आला, एवढ्यावरून भास त्यामुळेच होतात असं ठरत नाही; इतकी वाढ ठणठणीत माणसांतही सापडते. केसांसाठी बायोटिन चालू असेल तर दोन-तीन दिवस आधी बंद करा आणि लॅबला सांगा. काही पद्धतींत त्यामुळे टीएसएच आणि प्रोलॅक्टिन दोन्ही खोटे कमी दिसतात.

“कॉर्टिसोल वाढल्यामुळे सायकोसिस होतो.” सुरुवातीच्या सायकोसिसमध्ये कॉर्टिसोल हे ताणाचं हार्मोन सरासरीने थोडं जास्त आढळतं, आणि जाग आल्यानंतर अर्ध्या-पाऊण तासात त्याची जी उसळी येते ती दबलेली दिसते. जास्त कॉर्टिसोल आणि लहान हिप्पोकॅम्पस (मेंदूतला स्मरणशक्तीचा भाग) यांचा संबंधही काही अभ्यासांत दिसला आहे. मात्र ही गटांची सरासरी आहे. एका माणसाच्या सकाळच्या एका नमुन्यावरून सायकोसिसचं निदान होत नाही. रात्रीचं जागरण किंवा गर्भनिरोधक गोळीनेही आकडा हलतो. त्यापेक्षा रुग्ण स्टेरॉइड घेतो आहे का, हे विचारा. 1972 च्या बॉस्टनमधल्या पाहणीत प्रेडनिसोलोनसारखं औषध रोज 40 मिलिग्रॅमपर्यंत घेणाऱ्यांपैकी 1.3 टक्क्यांना मानसिक त्रास झाला, 80 च्या वर घेणाऱ्यांपैकी 18.4 टक्क्यांना. पण तेही घरच्या घरी एकदम बंद करायचं नसतं.

“गोळ्यांनी प्रोलॅक्टिन वाढतं.” हे खरं आहे, आणि डॉक्टरांनी ते आधीच सांगायला हवं. प्रोलॅक्टिन म्हणजे दूध आणणारं हार्मोन; ते सोडणाऱ्या मेंदूखालच्या पिट्यूटरी ग्रंथीवर डोपामिन या मेंदूतल्या रसायनाचा लगाम असतो. रिस्पेरिडोन, ॲमिसल्प्राइड, हॅलोपेरिडॉल या सायकोसिसच्या गोळ्या तो सैल करतात. मग पाळी चुकते, स्तनांतून दूध येतं, पुरुषांची लैंगिक इच्छा मंदावते. वर्षानुवर्षं तसंच राहिलं तर हाडं विरळ होतात. लाजेपोटी हे कोणी बोलत नाही आणि गोळ्या गुपचूप सुटतात.

त्यावर मार्ग आहे. पहिल्या डोसआधी एकदा प्रोलॅक्टिन करून ठेवा, म्हणजे नंतरचा आकडा कशाशी ताडायचा ते कळतं. साधारण तीन महिन्यांनी पुन्हा करा. नमुना उठल्याउठल्या देऊ नका, थोडा वेळ स्वस्थ बसून द्या. पाळी चुकली तर आधी गर्भधारणेची चाचणी. आकडा किंचित जास्त आणि त्रास काही नाही, तर बहुधा लक्ष ठेवणं पुरतं. त्रास असेल तर डॉक्टर डोस कमी करतात, औषध बदलतात किंवा ॲरिपिप्राझोल हे सायकोसिसचंच दुसरं औषध थोड्या मात्रेत जोडतात. त्याने प्रोलॅक्टिन उतरतं. डोकेदुखी, नजर अधू होणं किंवा फारच मोठा आकडा असेल तर पिट्यूटरीचा एमआरआय.

इथेच या संदेशाचा सल्ला घातक ठरतो. प्रोलॅक्टिन “जागेवर आणायला” कोणी परस्पर कॅबरगोलिन ही गोळी सुरू केली, तर ती डोपामिनचंच काम करते आणि भास-संशय उसळू शकतात.

“इस्ट्रोजेन दिलं की पुरे.” ऑस्ट्रेलियात इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनच्या, त्वचेवर लावायच्या पॅचमुळे स्त्रियांची लक्षणं कमी झाली, पण तो पॅच नेहमीच्या गोळ्यांच्या जोडीला होता.

हार्मोनचे रिपोर्ट येईपर्यंत उपचार अडवून ठेवू नका. सायकोसिस जितका काळ उपचाराविना राहतो, तितकी सुधारणा अवघड जाते. कुठे जायचं कळत नसेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा मोफत क्रमांक आहे. बाळंतपणानंतरच्या पहिल्या आठवड्यांत झोप उडून असंबद्ध बोलणं सुरू झालं, तर बाईला एकटं न ठेवता त्याच दिवशी रुग्णालयात न्या.