‘पुरावा अपुरा’ म्हणजे नेमकं काय अपुरं, ते लिहा ना!

जंगलजमीन कसणाऱ्याने तिच्या हक्कासाठी टाकलेला वनहक्काचा दावा परत येतो. वर शेरा: ‘पुरावा अपुरा, सबब अमान्य.’ एक ओळ, खाली गिचमिड सही. कोणता पुरावा अपुरा? कशामुळे? काही नाही. वनहक्क कायदा २००६ चा, त्याचे नियम २००८ चे, सप्टेंबर २०१२ मध्ये त्यांत दुरुस्तीही झाली, आणि अजून तीच ओळ शेकडो दाव्यांवर जशीच्या तशी उतरवली जाते. संताप येतो!

नियम १३ वाचायला दहा मिनिटं लागत नाहीत. जंगलजमीन कसल्याबद्दल झालेल्या दंडाची पावती, जुनी नोंद, रेशनकार्ड चालतं. शेतातला बांध, ताल, सपाटीकरण, झोपडी, विहीर, दफनभूमी, देवाचं ठिकाण हेही चालतं. दावेदार सोडून गावातल्या दुसऱ्या म्हाताऱ्या माणसाचं लेखी घेतलेलं निवेदनसुद्धा चालतं. यांतले एकाहून जास्त पुरावे जोडले की दावा तपासणाऱ्या समितीला ते विचारात घ्यावेच लागतात. म्हणजे बांधाचा पंचनामा आणि आजोबांचा जबाब एवढ्यावर दावा उभा राहतो. तरी टेबलापलीकडून मागणी काय, तर ‘२००५ पूर्वीची दंडाची पावती आणा’. वनरक्षकाने दंड घेतला आणि पावतीच फाडली नाही, तर ती आणायची कुठून?

मग उपग्रहाचं चित्र. ‘चित्रात शेत दिसत नाही.’ अहो, डोंगरउतारावर नागली-वरईची वरकस जमीन दोन-तीन वर्षं पिकवून पड टाकतात. पडीच्या वर्षीचं चित्र काढलं तर झुडपंच दिसणार. शेतात मोहाचं झाड राखलेलं असतं, ते कोणी तोडत नाही. वरून पाहणाऱ्याला तिथे जंगल दिसतं. नियमात साफ लिहिलंय की उपग्रहचित्र इतर पुराव्याला पूरक म्हणून वापरता येईल, त्याच्या जागी नाही. हे वाक्य वाचूनही चित्रावरून दावे उडवले जात असतील, तर ती चूक नव्हे, अन्याय आहे.

दावा मंजूर झाला तरी मोजणीत मार बसतो. हातातल्या जीपीएस यंत्राची चूक काही मीटरची असते, झाडाखाली आणि दरीत त्याहून जास्त. १० गुंठ्यांच्या चौकोनी तुकड्याची बाजू साधारण ३२ मीटर. प्रत्येक बांध ५ मीटर आत धरला गेला, तर बाजू उरते २२ मीटर, आणि क्षेत्र ५ गुंठेसुद्धा भरत नाही. अर्धं शेत कागदावरच गेलं! म्हणून बांधावर चालून सगळे कोपरे घ्यायचे, वाकणावर जास्त बिंदू घ्यायचे, नकाशा दावेदाराला तिथेच दाखवायचा. प्रत्यक्षात चार बिंदू टिपतात आणि गाडीत बसतात.

तेही आले तर. ग्रामसभेच्या वनहक्क समितीने लेखी कळवूनही पडताळणीला वन किंवा महसूल खात्याचा माणूस फिरकत नाही, आणि सहा महिन्यांनी तेच खातं म्हणतं, ‘आमच्या गैरहजेरीत पाहणी झाली, हरकत आहे.’ यावरही नियम १२-अ मध्ये उत्तर आहे: दावा फेरपडताळणीसाठी ग्रामसभेकडे परत जातो, आणि दुसऱ्यांदाही ते आले नाहीत तर पाहणीबाबत ग्रामसभेचा निर्णय अंतिम. म्हणून पाहणीच्या पत्राची पोच, तारखेसह, जपून ठेवाच.

सगळ्यात चीड येते ती अधिकार नसताना दावे अडवणाऱ्यांची. दावा नाकारण्याचा अधिकार कोणत्याही एकट्या अधिकाऱ्याला नाही. वनखात्याच्या बीटवरच्या माणसाला नाही, पंचायत किंवा तालुका पातळीवर काढलेल्या कुठल्या समितीलाही नाही. उपविभागीय किंवा जिल्हास्तरीय समितीला ग्रामसभेचा ठराव अपुरा वाटला तर तिने तो फेरविचारासाठी परत पाठवायचा. नाकारलाच तर सविस्तर कारणं द्यायची, आणि नुसत्या तांत्रिक कारणावरून नाकारायचा नाही.

निर्णय दावेदाराला व्यक्तिशः कळवायचा असतो, कारण दाद मागायला मुदत ६० दिवसांची, फार तर आणखी ३० दिवसांची. इथे पत्र पंचायतीच्या कपाटात पडून राहतं आणि पाड्यावर खबर पोचते ती मुदत उलटल्यावर. मुदत गेली म्हणून पुन्हा दावेदारालाच दटावतात!

आणि हा नुसता कागदाचा खेळ नाही. १३ फेब्रुवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने दावे फेटाळलेल्यांना जमिनीवरून हटवण्याचा आदेश दिला होता. २८ फेब्रुवारीला तो स्थगित झाला, आणि फेटाळताना रीतसर पद्धत पाळली का, याचा हिशेब राज्यांकडे मागितला गेला. त्या एका ओळीच्या शेऱ्यावर माणसांची घरं जाणार होती.

तेव्हा तोंडी ‘नामंजूर’ ऐकून घरी परतू नका. कारणांसह, तारखेसह, समितीच्या सहीचा आदेश मागा. तो देत नसतील तर तसा अर्ज टाका आणि त्याच्या प्रतीवर आवक शिक्का घेतल्याशिवाय कार्यालयाची पायरी उतरू नका.