मान मागे पडली म्हणून ऑटिझम?

सांगली-मिरजेच्या आयांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: 'सहा महिन्यांच्या बाळाला हात धरून उठवा. मान मागे पडली तर ऑटिझम नक्की. न रांगता चालू लागलं तरी तेच. वेळेत चाललं तर निश्चिंत राहा.'

मानेच्या दाव्यामागे खरा अभ्यास आहे, म्हणूनच तो लगेच पटतो. अमेरिकेतल्या केनेडी क्रिगर इन्स्टिट्यूटने २०१२ साली ४० बाळांचा अभ्यास मांडला. पुढे ऑटिझमचं निदान झालेल्यांपैकी ९० टक्क्यांची मान सहाव्या महिन्यात मागे पडत होती. मेसेज इथंच थांबतो. पण अभ्यासातली ही चाळीसही बाळं ऑटिझम असलेल्या मुलांची धाकटी भावंडं, म्हणजे जोखीम मुळातच जास्त. शिवाय ज्यांचा विकास पुढे नीट झाला, त्यांच्यातही ३५ टक्क्यांची मान पडत होती. घरात ऑटिझम नसलेल्या बाळांच्या वेगळ्या गटात हेच प्रमाण ३३ टक्के. आता सांगलीच्या विश्रामबागेतली शंभर बाळं धरा. तीसेक आया रात्रभर जागणार, आणि ऑटिझम शंभरात जेमतेम एखाद्याला.

सहाव्या महिन्यातही मान धरत नसेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवायचंच. स्नायू सैल असण्याला इतरही कारणं असतात. बाळ अपुऱ्या दिवसांचं असेल तर वय प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजा. घरी हात ओढून परीक्षा मात्र नको, कोपराचा सांधा सरकू शकतो.

रांगण्याचं थोडक्यात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या अभ्यासात भारतातलीही बाळं होती. त्यातली सुमारे ४ टक्के निरोगी बाळं हात-गुडघ्यांवर रांगलीच नाहीत. कुणी आठव्या महिन्यात एकटं चाललं, कुणी सतराव्या. पांगुळगाड्याने चालणं लवकर येत नाही, पडझड तेवढी वाढते.

घातक आहे तो तिसरा दावा. ऑटिझम असलेली कितीतरी मुलं वेळेवर चालतात. निदानाच्या निकषांत चालण्याचा उशीर नाहीच. 'पायानं चपळ आहे, बोलंल की, त्याचा बापबी उशिराच बोललाय' असं आजी म्हणते आणि वर्ष-दोन वर्षं निघून जातात. वर्षाचं बाळ नावानं हाक मारल्यावर वळतं का? नजर देतं का? दीड वर्षाचं झाल्यावर चिमणीकडे बोट करून, तुम्हीही पाहिलीत का हे बघतं का? लक्ष इथं हवं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत तपासणीला येतं, तेव्हा हेच विचारा. येत असलेले शब्द गेले, तर मात्र पथकाची वाट न बघता त्याच आठवड्यात डॉक्टर गाठा.