भिंतीला घासत गेलेली ती फेरी : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

अमेरिकेतल्या मार्टिन्सव्हिल या मोटर शर्यतीच्या ट्रॅकवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही सविस्तर आणि परखड लिहिलंत, म्हणून उत्तरही तसंच देतो. ज्यांनी तुमची प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी तुमचे आक्षेप थोडक्यात मांडतो. २०२२ साली रॉस चॅस्टेन या ड्रायव्हरने तिथल्या शर्यतीच्या शेवटच्या फेरीत गाडी भिंतीला घासत नेली, तिचं मी कौतुक केलं. तुमच्या मते ती १९८१ च्या अंडरआर्म चेंडूसारखी पळवाट होती. २०२४ साली त्याच ट्रॅकवर काही ड्रायव्हरांनी मुद्दाम पुढे जायचं टाळलं, त्याला मी लाजिरवाणं म्हटलं. तुमच्या मते तो साधा सांघिक डाव होता. आणि मुळात डावीकडे गोल गोल फिरण्यात कसलं आलंय कौशल्य, असा तुमचा सवाल आहे.

शेवटच्या सवालापासून सुरुवात करतो. व्हर्जिनियातला हा ट्रॅक १९४७ सालचा. नॅसकार, म्हणजे या शर्यती भरवणारी अमेरिकी संस्था, हिच्या १९४९ च्या पहिल्या मोसमापासून तिच्या सर्वोच्च मालिकेत, कप मालिकेत, सलग राहिलेला हा एकटाच. लांबी ०.५२६ मैल, म्हणजे साडेआठशे मीटरपेक्षाही थोडी कमी. दोन सरळ पट्टे आणि दोन टोकांना दोन अत्यंत तंग वळणं, तीही जेमतेम १२ अंश कललेली. पट्टे डांबरी, वळणं काँक्रीटची. पाचशे फेऱ्यांच्या शर्यतीत ड्रायव्हरला जवळजवळ दीड टनाची गाडी हजार वेळा वळणाआधी आवरावी लागते. दोनशेव्या फेरीपर्यंत ज्याने ब्रेक जाळून टाकले, त्याच्याकडे शेवटच्या पन्नास फेऱ्यांत गाडी वळणाआधी थांबवायला काही शिल्लक राहत नाही. वेग कुठे सोडायचा आणि किती सोडायचा, यावर इथली शर्यत ठरते. आतली लाइन सोडायला कुणी तयार नसतं, त्यामुळे बंपरला बंपर लागतो, आणि धक्का किती दिला तर चालेल याचा हिशोबही प्रत्येकाला डोक्यात ठेवावा लागतो. संध्याकाळ व्हायला लागली की चाकांच्या आत ब्रेकच्या तबकड्या लालभडक तापलेल्या दिसतात. याला कौशल्य म्हणायचं नसेल, तर मोटर शर्यतीत कौशल्य कशाला म्हणायचं हे मला कळत नाही.

आता ती फेरी. ३० ऑक्टोबर २०२२, रविवार. मोसमातली शेवटून दुसरी शर्यत. उरलेल्या आठ जणांतून चौघेच फिनिक्सच्या अंतिम शर्यतीत अजिंक्यपदासाठी लढणार होते. क्रिस्टोफर बेलला जिंकण्यावाचून गत्यंतर नव्हतं, आणि तो जिंकलाही. त्यामुळे गुणांवर मिळणाऱ्या शेवटच्या जागेसाठी डेनी हॅम्लिन आणि चॅस्टेन उरले. शेवटची फेरी सुरू झाली तेव्हा चॅस्टेन दहावा होता आणि त्याला आणखी दोन जण मागे टाकायला हवे होते. मागच्या पट्ट्यावर त्याने पाचवा गिअर टाकला, ॲक्सिलरेटर दाबलेलाच ठेवला आणि गाडी बाहेरच्या भिंतीला टेकवली. स्टिअरिंगवरचे हातही सोडले. पाच गाड्या मागे पडल्या, त्यांतली शेवटची हॅम्लिनची, तीही अगदी अंतिम रेषेपाशी. फेरीची वेळ १८.८४५ सेकंद. त्याच शर्यतीसाठी काइल लार्सनने पोल, म्हणजे पात्रता फेरीतला पहिला क्रमांक, मिळवला होता तो १९.७०९ सेकंदांत. ट्रॅकवर चॅस्टेन पाचवा आला होता, नंतर ब्रॅड केसलोव्स्कीची गाडी तपासणीत वजनाला कमी भरल्याने बाद झाली आणि तो चौथा ठरला.

तुम्ही म्हणता, 'यात ड्रायव्हरने केलं काय? भिंतीने केलं.' अर्धं खरं आहे. वळणावर गाडीला आत खेचणारं बळ एरवी फक्त टायर देतात आणि त्यांची पकड संपते तिथे वेग संपतो. चॅस्टेनने ते काम भिंतीवर सोपवलं, म्हणून त्याला ब्रेक लावावाच लागला नाही. पण मोसमभराची मेहनत पणाला लागलेली असताना, काही सेकंदांत, हे सुचणं आणि मग पाय न उचलणं, हे भिंतीने केलं नाही. लहानपणी गेमक्यूब या व्हिडिओ गेमच्या यंत्रावर नॅसकारचा खेळ खेळताना ही युक्ती आपण वापरायचो, असं त्याने नंतर सांगितलं. ती खऱ्या गाडीत चालेल की नाही, हे त्याला स्वतःलाही ठाऊक नव्हतं. २००८ साली कॅन्ससला कार्ल एडवर्ड्सने आणि २०२१ साली डार्लिंग्टनला लार्सनने शेवटच्या फेरीत भिंतीचा आधार घेऊन पाहिला होता, दोघांचाही डाव फसला. २०२२ च्या नव्या गाडीचं अंग पत्र्याचं नाही, कंपोझिटचं आहे. जुना पत्रा आत चेपून चाकावर बसायचा, हे अंग तसं चटकन बसत नाही. चॅस्टेनची गाडी रेषेपर्यंत पोचली त्यात याचाही वाटा असावा, असं मला वाटतं.

अंडरआर्मची तुलना मात्र मला अजिबात पटत नाही, आणि आपल्यातला खरा मतभेद इथेच आहे. मेलबर्नला न्यूझीलंडला शेवटच्या चेंडूवर बरोबरीसाठी सहा धावा हव्या होत्या. ग्रेग चॅपेलने धाकट्या भावाला, ट्रेव्हरला, चेंडू जमिनीवरून सरपटत टाकायला सांगितलं. तेही त्या वेळच्या नियमांत बसणारंच होतं. पण त्या चेंडूचा हेतू एकच होता : समोरच्याला खेळूच द्यायचं नाही. चॅस्टेनने कुणाला अडवलं? कुणाला धडक दिली? हॅम्लिनला आपली फेरी हवी तितक्या वेगाने मारायची पूर्ण मोकळीक होती. शर्यतीत ज्या कामासाठी उतरायचं असतं तेच काम, जास्तीत जास्त वेगाने रेषा गाठण्याचं, चॅस्टेनने केलं. दोन्ही गोष्टी नंतर बंद झाल्या, एवढ्यावरून त्या एका जातीच्या ठरत नाहीत.

ही युक्ती बंद झाली हे योग्यच झालं, असं मी मूळ लेखातही लिहिलं होतं. जानेवारी २०२३ मध्ये नॅसकारने नवा नियम केला नाही. सुरक्षिततेचा जो नियम आधीपासून होता, त्याखालीच यापुढे वेळेचा दंड होईल, असं जाहीर केलं. कारण उघड आहे. भिंतीचा एखादा सांधा निसटता, गाडी उलटून प्रेक्षकांच्या जाळीत शिरती, तर आज आपण वेगळंच काही बोलत असतो. आणि २०२२ हे तसंही वाईट वर्ष होतं. नव्या गाडीत मागून बसणारे धक्के थेट ड्रायव्हरपर्यंत पोचत होते. मेंदूला मार बसल्यामुळे कर्ट बुश आणि ॲलेक्स बोमन त्या रविवारी शर्यतीत नव्हते. बुश तर पूर्णवेळ शर्यतींत पुन्हा परतलाच नाही. लार्सनसारख्या ड्रायव्हरने चॅस्टेनच्या फेरीवर उघड टीका केली, ती मला समजू शकते. दर आठवड्याला तीन-चार जण भिंतीवर चढू लागले, तर ब्रेक राखण्याचं ते सगळं कसब फुकट जाईल.

आता २०२४. ३ नोव्हेंबर, तोच ट्रॅक, तोच टप्पा. शेवटच्या जागेसाठी विल्यम बायरन आणि क्रिस्टोफर बेल. बायरनच्या मागे शेवरलेच्याच दोन गाड्या, ऑस्टिन डिलन आणि रॉस चॅस्टेन, अशा चालल्या की त्याची जागा कुणी घेऊ नये. बेल टोयोटाचा; त्याच्या बाजूने टोयोटाचाच बबा वॉलेस मंदावला, बेल पुढे गेला आणि शेवटच्या वळणावर भिंतीला घासत रेषेपलीकडे पोचला. बेलला दंड झाला, बायरन फिनिक्सला गेला. पुढच्या काही दिवसांत वॉलेस, डिलन आणि चॅस्टेन या तिघांचे ५० गुण कापले गेले, प्रत्येक ड्रायव्हरला आणि प्रत्येक संघाला १ लाख डॉलरचा दंड झाला, आणि तिन्ही संघांच्या क्रू चीफ (गाडीच्या चमूचा प्रमुख), स्पॉटर (उंचावरून पाहून ड्रायव्हरला रेडिओवर सूचना देणारा) आणि एकेका वरिष्ठ अधिकाऱ्याला एका शर्यतीची बंदी मिळाली.

तुम्ही याला सांघिक डाव म्हणता. पण हे तीन वेगवेगळे संघ होते! बायरन हेंड्रिकचा, डिलन चाइल्ड्रेसचा, चॅस्टेन ट्रॅकहाउसचा. त्यांच्यात समान काय, तर गाडीची कंपनी, शेवरले. पुढची जागा घेता येत असताना न घेणं, हे त्या शेवटच्या फेऱ्यांतलं दुखणं आहे. तिकीट काढून आलेला माणूस एवढंच गृहीत धरतो की ट्रॅकवरचा प्रत्येक जण पुढे जायचा प्रयत्न करतोय. ते खोटं ठरलं तर घड्याळात मोजलेल्या वेळेलाही अर्थ उरत नाही.

आणि हो, २०२४ च्या त्या अडवणुकीत चॅस्टेन स्वतः होता, हे तुम्ही ठळक करून लिहिलंत. बरोबर आहे. मी त्या माणसाचं वकीलपत्र घेतलेलं नाही. २०२२ च्या त्याच्या फेरीचं मला मनापासून कौतुक आहे आणि २०२४ च्या त्याच्या वागण्याचा तितकाच राग आहे, दोन्ही एकाच कारणासाठी.

एक विनंती करतो. २०२४ च्या शर्यतीच्या शेवटच्या वीसेक फेऱ्या पुन्हा पाहा, आणि या वेळी आघाडीवरच्या रायन ब्लेनीकडे न बघता बायरनच्या मागच्या दोन गाड्यांवर नजर ठेवा. त्यानंतरही मत तेच राहिलं तर जरूर लिहा. तुमचं म्हणणं स्वतंत्र लेख म्हणून इथे द्यायला मला आवडेल.