चौकातला मैलाचा दगड बागेत नेऊ नका

रस्तारुंदीकरण निघालं की बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या चौकांतला जुना मैलाचा दगड उपटून बागेत सिमेंटच्या चौथऱ्यावर बसवावा, वर ऑइल पेंट मारावा, असं कुणीतरी सुचवतंच. हेतू चांगला असतो, पण दगड त्यातच संपतो. त्यावरचा आकडा त्या एकाच जागी खरा असतो.

दगडावरच्या मैलांना १.६०९ ने गुणून किलोमीटर काढा आणि ते अंतर नकाशावर मोजा, पण जुन्या रस्त्याने. बायपासने मोजलंत तर हिशेब जुळणारच नाही. जुळलं तर जुना रस्ता कुठून जात होता आणि मोजणी कुठून सुरू झाली, हे दोन्ही कळतं. मुंबईतल्या दगडांची मोजणी फोर्टातल्या सेंट थॉमस चर्चपासून होती, हे त्या दगडांवरच कोरलेलं आहे. मेट्रिक मापांचा कायदा १९५६चा. त्यानंतर मैलांचे किलोमीटर झाले आणि फर्लांगाच्या (२०१ मीटर) जागी २०० मीटरचे दगड आले. पिवळ्या डोक्याचा दगड राष्ट्रीय महामार्गाचा किलोमीटरचा, त्याला ब्रिटिशकालीन समजू नका.

आकडा जमिनीलगत दिसत असेल तर डांबराच्या थरांनी दगड गाडला गेलाय असं समजा. मुंबईतही काही दगड असेच खणून काढावे लागले. जेसीबी नको, हातानेच खणा. आधी चारही बाजूंचे फोटो घ्या आणि कुठली बाजू कुठल्या दिशेला आहे ते लिहून ठेवा. फारच खोल गेला असेल तर त्याच बिंदूवर, तोंड न फिरवता, सरळ वर उचला.

अक्षरं वाचायला रंग भरायची गरजच नाही. रात्री बाजूने तिरपी बॅटरी धरा, झिजलेला कोरीव आकडाही उठून दिसतो. जुना पेंट काढायचा असेल तर रंग मऊ करणारी पेस्ट आधी दोन इंचांवर लावून बघा, मग लाकडी पट्टीने खरवडा. तारेचा ब्रश, ग्राइंडर, ॲसिड अजिबात नको. ॲसिडने काळ्या दगडातलं लोह सुटतं आणि तांबूस डाग पडतात. बुडाशी सिमेंट भरलं तर ओल कोंडते, क्षार वर चढतात आणि पापुद्रे सुटतात. जांभा असेल तर हे फार लवकर होतं. सिमेंटऐवजी विरवलेला चुना १ भाग, चाळलेली वाळू ३ भाग, एवढं पुरतं.

अक्षरं मराठी, कन्नड, इंग्रजी कुठलीही असोत, त्यांवर दुसरी लिपी रंगवू नका. आपल्या भागात हे मुद्दाम सांगावं लागतं.

नगरपालिकेकडे मागणी एकच करा: रस्त्याच्या एस्टिमेटमध्ये ‘दगड जागेवर जतन’ ही स्वतंत्र बाब घाला आणि काम सुरू होण्याआधी दगडाभोवती कठडा उभारा.